सात शून्य चारची गाडी

वेळापत्रक विभागात एकट्याने वाचायची पद्धत नव्हती. शहरातल्या सगळ्या बसगाड्यांच्या वेळा छापण्याआधी ज्या खोलीत तपासल्या जात, तिथे चार टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या, समोरासमोर. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याने छापखान्यातून आलेल्या कच्च्या पानावर नजर ठेवायची, कानावर पडलेला अंक आणि डोळ्यांना दिसलेला अंक जुळला की पेन्सिलीने शेजारी बारीकशी खूण करायची, आणि नाही जुळला तर वाचणाऱ्याला थांबवायचं. पान संपलं की खाली दोघांच्या सह्या. याला तिथे जोडवाचन म्हणत, आणि विभागातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद, अगदी रजेचा अर्जसुद्धा, या जोडवाचनातून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे.

खिडकीजवळच्या टेबलावर मास्तर आणि धाकटी बसत. मास्तर कधीकाळी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. धाकटी नोकरीला लागली तेव्हा विभागात सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता ती चौतिशीला आली होती, तिची मुलगी दुसरीत होती, पण नाव काही वाढलं नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने एकदा पेन्सिल खाली ठेवून सांगितलं होतं, "मास्तर, मी सोडते ही नोकरी. अंक, अंक आणि अंक. मला काल स्वप्नातही सहा बावीस दिसलं."

"सहा बावीस चांगली गाडी आहे," मास्तर म्हणाले. "वेळेवर येते."

"थट्टा नका करू. दुपार झाली की डोळे मिटतात माझे. एक दिवस इथेच घोरेन मी."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पान उचललं आणि वाचायच्या ऐवजी हलक्या आवाजात म्हणायलाच सुरुवात केली. जात्यावर बसलेल्या बाईच्या गळ्यात असते ना, तसली संथ, गोल फिरणारी चाल. अंकांच्या मध्ये थांब्यांची नावं गुंफायची, कुठे दोन शब्द पदरचे घालायचे:

सहा बाराला सुटली, गाडी आली पुलापाशी,
सहा वीसला वळली, दवाखान्याच्या कडेशी.

धाकटी हसली. पलीकडच्या टेबलावरची टाचणी, म्हणजे विभागातली सगळ्यांत बोचऱ्या तोंडाची बाई, चष्म्यावरून बघत म्हणाली, "झालं, आता गाड्यांचं बारसं करा." पण त्या दुपारी धाकटीला झोप आली नाही. नंतरही आली नाही. साडेआठ वर्षं त्या चालीवर तिची पेन्सिल चालली. घरी भांडी घासताना ती नकळत गुणगुणायची, आणि तिची मुलगी तर अंघोळीला बसली की मोठ्याने सहा बाराची गाडी सोडायची. नवरा म्हणायचा, "या घरात पाणी यायच्या आधी बस येते."

चालीचं एक असतं. ती एकदा अंगात भिनली की पुढची ओळ कुठे थांबणार ते कानाला आधीच कळतं. धाकटीची पेन्सिल हळूहळू ओळीच्या शेवटाची वाट बघेनाशी झाली. मास्तरांचा सूर खाली उतरायला लागला की खूण झालेली असायची. तिच्या खुणा विभागात सगळ्यांत सुबक होत्या. एकसारख्या, एका अंतरावर, जणू फुलं काढावीत तशा. साहेब नव्या लोकांना तिची पानं दाखवायचे. त्या खुणा करताना तिची नजर मात्र बहुतेक वेळा खिडकीबाहेर असायची, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींवर.

एके दिवशी टपालात एक पत्र आलं. दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं. नव्या वेळापत्रकात खाणवस्तीची शेवटची गाडी सात चाळीसला लिहिली आहे, गाडी प्रत्यक्षात सात चारलाच निघून जाते. पाळी सातला सुटते. आम्ही सात-आठ जणी चाळीसची म्हणून आरामात हातपाय धुऊन निघतो, थांब्यावर उभ्या राहतो आणि मग चालत घरी जातो. पाच संध्याकाळी चाललो. सहाव्या दिवशी एका ड्रायव्हरला विचारलं तेव्हा कळलं. कृपा करून कागद बरोबर करावा.

पत्रात राग नव्हता. तेच वाईट होतं.

मूळ कागद काढला. त्यावर स्वच्छ सात शून्य चार होतं. कच्चं पान काढलं. त्यावर सात चाळीस, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीची सुबक खूण.

साहेबांनी दोघांना आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. वरून विचारणा झाली होती, त्यांना काहीतरी उत्तर लागत होतं. त्यांनी सरळ हिशेब मांडला. "मूळ कागदात बरोबर आहे. म्हणजे एक तर मास्तरांनी चुकीचं वाचलं आणि तुम्ही ऐकलं त्यावर बरोबर खूण केली. नाही तर मास्तरांनी बरोबर वाचलं आणि तुम्ही बघितलंच नाही. दोनातलं एक. मास्तरांनी काय वाचलं होतं, आठवतं?"

धाकटीला आठवत होतं. ती गाडी शेवटची म्हणून मास्तर तिथे 'शून्य' वर आवाज जरा लांबवायचे, दिवसाला निरोप दिल्यासारखा. तो लांबवलेला शून्य तिच्या कानात जसाच्या तसा होता. आणि त्याच क्षणी समोरच्या गच्चीवर वाऱ्याने एक चादर उडून कठड्यावर अडकली होती, तेही आठवत होतं.

ती म्हणाली, "साहेब, चालीत कधीकधी अंक नीट कळत नाही."

बस, एवढंच. खोटं म्हणावं तर एकही शब्द खोटा नव्हता. कधीकधी खरंच कळायचा नाही. पण त्या दिवशी कळला होता.

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर तिने तो झेलला असता. तिथे फक्त गोंधळ होता. घराची किल्ली खिशात सापडू नये तसा. मग ते खाली बघत म्हणाले, "असेल साहेब. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझंच चुकलं असेल."

मास्तरांना तळघरातल्या दप्तरखान्यात पाठवलं. जुन्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, वर्ष लिहायचं आणि फळीवर रचायचं. तिथे वाचायला काही नव्हतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. धाकटीला साहेबांनी नव्या कामाची प्रमुख केलं: संगणकाच्या पडद्यावर तपासणी, एकट्याने, कानाने काही न ऐकता. महिनाअखेर जोडवाचन बंदच होणार होतं. "तुमच्यासारख्या एकाग्र माणसांची गरज आहे," असं ते म्हणाले. धाकटी "हो साहेब" म्हणाली.

तेव्हापासून तिला घास गोड लागेना. दुपारी ती डबा घेऊन तळघरात उतरायची. विभागात सगळे म्हणायचे, काय ही मुलगी, मास्तरांना विसरली नाही. टाचणी मात्र एकदा म्हणाली, "रोज उतरतेस, बरं आहे. जिना चढला-उतरला की पचतं सगळं." धाकटीने त्या बोलण्यात अर्थ शोधला नाही, सापडेल अशी भीती वाटली.

मास्तर गठ्ठ्यावर कागद अंथरून जेवायचे. ती विचारायची, "डोळे कसे आहेत?"

"बघू. डॉक्टरांनी थेंब घालून बसवलं होतं तीन तास. सगळं अंधुक. म्हणाले, काही दोष दिसत नाही. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नसेल, आमच्या गाडीला दिसला." ते स्वतःच हसले. मग म्हणाले, "मला डोळ्यांची नाही गं भीती. डोळ्यांनी बरोबर बघून तोंडाने भलतंच बोलत असेन तर? त्याला कुठला चष्मा? परवा सुनेला म्हटलं, गॅस बंद केलाय, तू एकदा बघून ये. केला होता. तरी तिला दोनदा पाठवली."

धाकटी डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. उद्या सांगू, ती मनाशी म्हणायची. आज ते थकलेत. आज त्यांचा मुलगा यायचाय. आज शनिवार.

शनिवार तर आणखी वाईट. साहेब दोन दिवसांच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि येताना एक बरणी घेऊन आले होते. लोकांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं, कामातला हुरूप टिकावा, म्हणून कौतुकाची बरणी. आठवडाभर प्रत्येकाने कोणातरी सहकाऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट चिठ्ठीवर लिहून आत टाकायची, नाव न घालता, तळघरातल्यांनी शिपायाबरोबर पाठवायची, आणि शनिवारी साहेब त्या वाचून दाखवणार. सुरुवातीला सगळे हसले. टाचणीने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं, "साहेब रजा नाकारतात, पण प्रेमाने." नंतर मात्र लोक गुपचूप आपल्या नावाची वाट बघायला लागले.

तिसऱ्या शनिवारी साहेबांनी एक चिठ्ठी उलगडली. "धाकटी रोज खाली येऊन माझ्या डोळ्यांची चौकशी करते. इतकी माया हल्ली कोण कोणावर करतं." नाव नव्हतं, लागतही नव्हतं. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं गोल आणि सरळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीही वाजवायला लागली, मग आपण आपल्याच नावाला टाळ्या वाजवतोय हे लक्षात येऊन तिने हात मांडीखाली दाबून धरले. कान तापले होते. कोणीतरी म्हणालं, "बघा, लाजली."

त्या रात्री अंथरूण घालताना मुलीने विचारलं, "आई, मास्तर आजोबा आता खाली काय म्हणतात?"

"काही नाही म्हणत."

"का?"

"तिथे गाड्या नाहीत."

"मग माझी घेऊन जा ना. मला सगळी पाठ आहे."

धाकटीने दिवा मालवला, कारण मुलगी चेहरा बघत होती.

सोमवारी मास्तर स्वतःच वर आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. हातात एक कागद होता, आणि ते आपल्या जुन्या खुर्चीसमोर जरा अवघडून उभे राहिले, पाहुण्यासारखे. "बसू का? एक अर्ज आहे. वाचून घ्यायला हवा. तू असशील तर बरं."

"कसला अर्ज?"

"वाचतो ना. तू नक्कल धर."

तिने नक्कल घेतली, पेन्सिल घेतली. मास्तरांनी मूळ कागद डोळ्यांपाशी नेला, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. चाल नव्हती. एकेक शब्द सुटा, पाण्यात पाय टाकून तळ चाचपावा तसा. "मा. विभागप्रमुख यांस. विषय. मुदतीपूर्वी सेवानिवृत्ती मिळण्याबाबत."

धाकटीने खूण केली. खूण वाकडी आली.

"महोदय. मी गेली बावीस वर्षे. या विभागात वाचक म्हणून. काम करीत आहे." ते थांबले, बोट पुन्हा मागे नेलं, तीच ओळ पुन्हा बघितली. "बावीस लिहिलंय ना गं? बघ नीट."

"बावीसच आहे."

"अलीकडे माझ्या वाचनात. अंकांची चूक होत असून. ती माझ्या लक्षात येत नाही. त्यामुळे प्रवाशांना. त्रास झाला आहे. यापुढे मी. कोणत्याही जबाबदारीच्या कामास—"

टेबलावर पेन्सिल दोनदा आपटली. चूक सापडली की ऐकणाऱ्याने असंच थांबवायचं असतं. पलीकडच्या टेबलांवरची वाचनं चालूच होती.

मास्तर घाबरून म्हणाले, "काय? काय वाचलं मी?"

"वाचलंत बरोबर. लिहिलंय ते चूक आहे."

"कुठे?"

"तुमच्या वाचनात चूक होत नाही, मास्तर. तुम्ही सात शून्य चारच वाचलं होतं. शून्य लांबवला होतात. मी ऐकला. मी पानाकडे बघतच नव्हते." आता सुरू झालंय तर थांबायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. "साहेबांनी विचारलं तेव्हाही मला आठवत होतं."

मास्तरांनी हातातला अर्ज टेबलावर ठेवला. चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

"स्पष्ट वाचलं होतं?"

"हो."

"सात शून्य चार."

"हो, मास्तर."

त्यांनी एक लांब श्वास सोडला. सुटकेचाच होता तो, आणि तो ऐकून धाकटीला वाटलं, आता ते रागावणार नाहीत. क्षणभर तिला बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच नंतर तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

कारण मास्तर म्हणाले, "तू रोज खाली यायचीस."

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्यासमोर बसून जेवायचीस. डोळे कसे आहेत विचारायचीस. मी घरी सुनेला सांगायचो, आमच्या धाकटीला माझी फार काळजी." आवाज चढला नव्हता. शाळेत चढत नसावा, म्हणूनच मुलं घाबरत असावीत. "चुकणं मला कळतं. बारा वर्षं शाळेत, बावीस इथे, दुसऱ्यांच्या चुकांवरच जगलो मी. पण तू मला बघत होतीस गं. माणूस स्वतःवरचा विश्वास गमावतोय, हे समोर बसून बघत होतीस. आणि डबा संपवत होतीस."

त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले. धाकटी बसून राहिली. टाचणी आपल्या जागेवरून उठली, तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि एकही शब्द न बोलता परत गेली. टाचणीने बोचायचं सोडलं, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

धाकटीने आत जाऊन सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "अहो, मिटलंय ते. फाइल वर गेली, परत आली, बंद झाली."

"उघडावी लागेल साहेब."

"आणि तुमचं नवं काम? हे कागदावर आलं तर मला तुमचं नाव ठेवता येणार नाही. नोंद होईल ती वेगळीच." ते खरोखर समजावत होते. "मास्तरांचे चौदा महिने उरलेत. मी त्यांना तसंही वर बोलावतो. कोणाला काही कळणार नाही. सगळ्यांचं नीट होईल. कशाला उगाच?"

दार उघडं होतं. त्यातून बाहेर निघून जाणं किती सोपं होतं, ते धाकटीला कळत होतं, कारण तीन आठवड्यांपूर्वी ती याच दारातून सोप्या पायांनी बाहेर पडली होती.

"मास्तरांना कळलंय साहेब," ती म्हणाली. "आता कागदालाही कळू दे."

साहेबांनी हात झटकले. "लिहून द्या मग. आणि वाचून घ्या. आपल्या विभागातून वाचल्याशिवाय कागद जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लिहिलं. एकच पान. लिहायला दोन तास लागले. मग मूळ आणि नक्कल घेऊन ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. समोर कोण बसणार? एकाला अचानक छापखान्यात काम निघालं. दुसरा कपाटात डोकं घालून बसला. टाचणी म्हणाली, "मी बसले असते गं, पण मध्येच रडेन, आणि मला ते शोभत नाही."

जिन्यावर पावलं वाजली. खाली कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मास्तर आत आले, ऐकणाऱ्याच्या खुर्चीत, म्हणजे तिच्या खुर्चीत बसले, नक्कल समोर ओढली आणि पेन्सिल उचलली. तिच्याकडे बघितलं नाही.

"वाच."

धाकटी वाचायच्या खुर्चीत कधीच बसली नव्हती. तिथून खिडकी दिसत नाही, समोरचा माणूस दिसतो, हे तिला तेव्हा कळलं.

ती वाचू लागली. तारीख, मार्ग, पान क्रमांक. मास्तरांची पेन्सिल शब्द संपल्यावरच खाली यायची, आधी नाही. मूळ अंक. छापलेला अंक. "सदर अंक वाचकाने बरोबर वाचला होता. मी पानाकडे पाहिले नाही." खूण. "चौकशीच्या वेळी मी गोंधळून जाऊन योग्य उत्तर दिले नाही."

पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली.

"गोंधळली होतीस?" मास्तरांनी विचारलं.

खोलीतली सगळी वाचनं थांबली होती.

सकाळी लिहिताना तिला तो शब्द खराच वाटला होता. इतका सहज आला होता की त्यावर तिने पुन्हा नजरही टाकली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"मग?"

"घाबरले होते. नंतर तेही नव्हते. नंतर नुसतं बरं वाटत होतं, की माझ्यावर आलं नाही."

"मग तसं लिही."

तिने शब्द खोडला आणि वर लिहायला लागली. मास्तरांनी हात पुढे करून कागद थांबवला.

"खाडाखोडीचा कागद बाहेर जात नाही. नवीन घे. वरून लिही, सगळं."

तिने कपाटातून कोरा कागद आणला. तारीख घातली. पहिलं वाक्य लिहिलं. मास्तर उठले नाहीत. पेन्सिलीचं टोक हलकेच तासून घेतलं, नक्कल बाजूला सारली आणि तिचं लिहून होईपर्यंत समोर बसून राहिले.